घरात कुणाला होता काय?

लेकीचा फोन आला तेव्हा शाळा सुटायला दहा मिनिटं होती. या वेळेला ती कधी फोन करत नाही. "आई, माझी टीबीची मॉन्टू टेस्ट पॉझिटिव्ह आलीय. सर्टिफिकेट आणल्याशिवाय वॉर्डात यायचं नाही म्हणालेत. घरी जा म्हणालेत." पुढं ती काही बोललीच नाही. तिच्या मागून कुणीतरी लोखंडी खाट ओढत असल्याचा आवाज येत होता. रात्री कळलं की तो आवाज तिच्याच खोलीतला होता. दोन मैत्रिणींनी तासाभरात आपल्या गाद्या शेजारच्या खोलीत हलवल्या होत्या.

ती बेळगावात नर्सिंग शिकते. वॉर्डात पाठवण्याआधी वर्गातल्या सगळ्या मुलींच्या हातावर ही चाचणी केली होती. तिसऱ्या दिवशी तपासायला आलेल्या कुणीतरी हातावरच्या लालीवर प्लॅस्टिकची पट्टी धरली आणि कागदावर २८ मिलिमीटर लिहून दिलं. तो आकडा चुकीचा होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या रात्री मात्र आमच्या घरात सगळं त्या २८ भोवतीच फिरत होतं.

मी खानापूरहून दुपारच्या गाडीनं जाऊन तिला घेऊन आले. संध्याकाळपर्यंत घरात एक खुलासा तयार झाला होता. आधी तो तिच्या बाबांनी मांडला. "अगं, लहानपणी टीबीची लस, बी.सी.जी., टोचलीय तिला. त्याचंच येतंय हे." शेजारचे एक काका बरीच वर्षं दवाखान्यात कंपौंडर होते, त्यांनी मान डोलावली. जाऊबाईंनी फोनवर हेच सांगितलं. त्यांच्या तोंडी 'देवी टोचलेल्या' असं आलं, कारण आमच्याकडं दंडावरच्या कुठल्याही जुन्या व्रणाला देवीच म्हणतात. खरं तर देवीची लस आता आपल्याकडं मुलांना देत नाहीत. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण सापडला १९७५ साली. माझ्या आईच्या दंडावर मोठा, चुरगळल्यासारखा व्रण होता, तो देवीचा. लेकीच्या डाव्या दंडावर तुरीच्या डाळीएवढा, मधे जरा खोलगट व्रण आहे, तो बी.सी.जी.चा. त्या रात्री मी तिची बाही वर करून त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बघ, हे आहे ना. म्हणून आलंय." मला ते मनापासून पटलं होतं. पटायलाच हवं होतं मला.

दुसऱ्या दिवशी बेळगावातल्या छातीच्या डॉक्टरांकडं गेलो. बाहेरच्या भिंतीवर कानडीत एक मोठा फलक होता. मला कानडी वाचता येतं, पण जोडाक्षरं लावत वाचावं लागतं. पहिलाच शब्द लावला तर तो 'क्षय' निघाला. आमच्या भागात पाट्यांच्या भाषेवरून किती वर्षं गेली ते सांगायला नको. हा एक शब्द दोन्हीकडं सारखाच निघाला, आणि तो वाचून माझ्या पोटात गोळा आला.

डॉक्टरांनी आधी कानडीतून विचारलं, "मन्याग यारिगादरू टीबी इत्तेनु?" माझा चेहरा बघून लगेच मराठीत आले. "घरात कुणाला टीबी होता काय? तिच्या लहानपणी? आजी-आजोबा, काका, घरकामाची बाई, कुणीही?"

"नाही," मी म्हणाले. क्षणाचाही विचार न करता म्हणाले. आमच्याकडं या प्रश्नाचं हेच उत्तर असतं.

त्यांनी तिचा हात टेबलावर ठेवला, तळवा वर करून. चाचणीचा तो चौथा दिवस होता. हा हात ४८ ते ७२ तासांत वाचायचा असतो, पण ठळक उठलेली गाठ आठवडाभरही मोजता येते, असं म्हणाले. लालीकडं त्यांनी बघितलंच नाही. खिशातलं साधं बॉलपेन काढलं आणि लालीच्या बाहेर दोन बोटं अंतरावर टेकवून गाठीच्या दिशेनं हळूहळू ओढत आणलं. मऊ कातडीवर पेन सरळ चालत होतं, आणि एका जागी अडलं. आत काहीतरी टणक लागलं आणि पेनाचं टोक तिथं थांबलं, हे मला समोरून दिसलं. तिथं रेघ संपली. मग दुसऱ्या बाजूनं तसंच. दोन निळ्या रेघा समोरासमोर येऊन थांबल्या होत्या, मधे गाठ. हाताच्या आडव्या दिशेनं दोन्ही टोकांमधलं अंतर मोजलं. सोळा. "लाली मोजायची नसते. हाताला लागणारा टणकपणा मोजायचा," ते म्हणाले. लेक पेनाकडं इतकी टक लावून बघत होती की थोड्या वेळापूर्वी ती रडत होती हे कुणाला खरं वाटलं नसतं.

सोळा ऐकून मला हायसं वाटलं. अठ्ठावीसावरून सोळावर आलं होतं. डॉक्टरांना मात्र तसं काही वाटलं नसावं. "दहाच्या वर असलं की आपण पॉझिटिव्हच धरतो. एचआयव्ही असेल, किंवा घरात नुकताच टीबीचा पेशंट असेल, तर पाचलासुद्धा."

मग मी व्रण पुढं केला. बी.सी.जी.

ते हसले नाहीत, झटकून टाकलंही नाही. मला त्यांचं हे फार बरं वाटलं. त्यांनी जे समजावलं ते मी नंतर घरी बसून वाचत वाचत नीट लावून घेतलं, ते इथं लिहिते, कारण त्या रात्री आम्हाला कुणीतरी हे सांगायला हवं होतं.

रॉबर्ट कॉखनं १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवला. आठ वर्षांनी त्यानं त्या जंतूंपासून ट्युबरक्युलिन नावाचा अर्क काढला आणि तो औषध म्हणून जाहीर केला. औषध म्हणून तो फसला. पण ज्याच्या शरीरानं तो जंतू आधी पाहिलेला असतो, त्याच्या कातडीत हा अर्क टोचला की दोन-तीन दिवसांत तिथं गाठ उठते, हे पुढं लक्षात आलं. आज टोचतात ते पीपीडी म्हणजे त्याच अर्काचं शुद्ध केलेलं रूप. अडचण अशी की पीपीडीत एक प्रथिन नसतं, अनेक प्रथिनांची ती खिचडी असते. बी.सी.जी.ची लस तयार झाली गाईगुरांच्या क्षयाच्या जंतूपासून. काल्मेट आणि गेरँ या दोघा फ्रेंच संशोधकांनी तो जंतू पित्तात शिजवलेल्या बटाट्याच्या चकत्यांवर वाढवला. एका चकतीवरून दुसरीवर, असं १९०८ पासून तेरा वर्षं, २३० वेळा, तो दुबळा होईपर्यंत. म्हणजे लशीतला जंतू क्षयाच्या जंतूचा सख्खा भाऊबंद. खिचडीतली बरीच प्रथिनं दोघांत सारखी. म्हणून लस घेतलेल्याच्या हातावरही गाठ उठू शकते. तिच्या बाबांचं म्हणणं निराधार नव्हतं.

पण त्यात काळाचा हिशोब येतो, आणि तो आम्ही कुणीच केला नव्हता. आपल्याकडं बी.सी.जी. जन्मल्याबरोबर देतात. इतक्या लहान वयात दिलेल्या लशीची कातडीतली आठवण पुढं पुसट होत जाते. दहा वर्षं उलटल्यावर ज्यांची गाठ दहा मिलिमीटरच्या वर येते, त्यांतल्या फारच थोड्यांचं कारण ती लस असते. अशा लस घेतलेल्यांचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा लशीमुळंच एवढी गाठ उठलेले लोक, तपासलेल्या शंभरांत एकाच्या आसपास निघाले. मोठेपणी लस घेतली असेल किंवा पुन्हा पुन्हा घेतली असेल तर गोष्ट वेगळी. काही देशांत शाळेत असताना लस देत, तिथल्या लोकांच्या हातावर तिचा परिणाम बराच काळ राहतो. माझ्या लेकीला लस मिळाली जन्मानंतर दुसऱ्या दिवशी. आता ती एकोणीस वर्षांची आहे. आणि गाठ सोळा मिलिमीटरची. ज्या व्रणावर मी रात्री बोट ठेवलं होतं, त्याच्यानं एवढं ओझं उचलवत नव्हतं.

"मग टीबी आहे काय तिला?" तिच्या बाबांनी विचारलं.

"टीबी नाही. लागण आहे."

या एका वाक्यावर आमचा सगळा घोळ होता, असं आता वाटतं. आपल्या बोलण्यात टीबी 'निघतो' नाहीतर निघत नाही. मधली अवस्था बोलण्यात नाही. पुस्तकात तिला सुप्त क्षय म्हणतात, पण स्टँडवर किंवा चुलीपाशी तो शब्द मी कधी ऐकलेला नाही. जंतू छातीत गेलेला असतो, शरीरानं त्याला कोंडून घातलेलं असतं, माणूस ठणठणीत असतो, आणि दुसऱ्या कुणाला त्याच्यापासून काहीही होत नाही. अशा दहा जणांतल्या नऊ जणांना आयुष्यात कधीच टीबी होत नाही. उरलेल्या एकाला होतो, आणि बहुतेक वेळा लागण झाल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांतच. २०१९ ते २०२१ या काळात देशभर जी पाहणी झाली, तिच्यात पंधरा वर्षांवरच्या माणसांत लागण झालेल्यांचं प्रमाण साधारण ३१ टक्के निघालं. म्हणजे तिच्या हॉस्टेलवर प्रत्येक खोलीतल्या मुलींचे हात नीट वाचले असते, तर कितीतरी गाद्या हलवाव्या लागल्या असत्या. त्या दोन मुलींवर माझा राग नाही. ज्या मोठ्या माणसांनी त्यांना हे सांगायला हवं होतं, त्यांच्यावर आहे, आणि तो अजून गेलेला नाही. नर्सिंग शिकवणाऱ्या जागेत लागण आणि रोग यांतला फरक कुणीतरी फळ्यावर लिहून दाखवायला नको होता का?

एक्स-रे स्वच्छ निघाला. खोकला नाही, ताप नाही, वजन उतरलेलं नाही, रात्री घाम नाही. रोग नाही म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलं, ती वॉर्डात काम करू शकते असंही लिहिलं. दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा करून बघू का, असं तिच्या बाबांनी विचारलं तर म्हणाले, एकदा अशी आलेली चाचणी पुन्हा करून काही मिळत नाही. उठताना त्यांनी मला परत थांबवलं. "तुम्ही जरा आठवून बघा. लहान असताना ती कुणाजवळ राहिली होती काय?"

राहिली होती. २००९ साली माझी बदली जांबोटीच्या पुढं, पार जंगलपट्टीत झाली. पावसात चार-चार दिवस रस्ता बंद व्हायचा. लेक तीन वर्षांची होती. मी तिला निपाणीला आईजवळ ठेवलं, शाळेचं एक वर्ष. दर पंधरा दिवसांनी जायचे. तवंदीचा घाट उतरून गाडी खाली आली की तंबाखूचा वास यायचा आणि मला घरी आल्यासारखं वाटायचं. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा, दिवसाला हजाराच्या आसपास, मजुरी हजारीवर. आईला खोकला होता. पण निपाणीत विड्या वळणाऱ्या किंवा वखारीत काम करणाऱ्या कुठल्या बाईला खोकला नसतो? तो तंबाखूचा खोकला. हा शब्दसुद्धा तयारच होता, बी.सी.जी.सारखाच.

रात्री वहिनीला फोन लावला. आई जाऊन सहा वर्षं झाली. मी आडून आडून विचारायला लागले, तर तिनं मधेच तोडलं.

"टीबीच होता की वन्सं. सा म्हयने गोळ्या खाल्ल्या आत्याबाईंनी. लाल खोका होता, वर त्यांचं नाव लिवलेला. अंगणवाडीच्या बाईकडं असायचा. एक दिवसाआड जाऊन तिच्यापुढं खायच्या."

मला तो खोका माहीत आहे. म्हणजे त्या काळचा कुठलाही. तेव्हा सरकारी योजनेत एकेका पेशंटच्या नावानं पूर्ण उपचारांचा एक खोका यायचा, नव्या पेशंटचा लाल, आणि गोळ्या आठवड्यातून तीनदा कुणाच्या तरी समोर घ्यायच्या असायच्या. आमच्या शाळेजवळच्या अंगणवाडीतही एक होता, कुण्या दुसऱ्याच माणसाच्या नावाचा. मी तो रोज बघायची.

"मला का सांगितलं नाही?"

"त्यांनीच सांगू नगं म्हटल्यालं. कळलं तर पोरीला घिऊन जाईल म्हणाल्या. घिऊन गेली की परत आणायची न्हाई." मग थोडं थांबून म्हणाली, "पोरीत लई जीव होता त्यांचा."

त्या रात्री झोप नव्हतीच. एकेक गोष्ट येऊन समोर बसत होती. त्या वर्षी आईनं आपलं ताट-तांब्या वेगळा केला होता. लेकीला आपल्या ताटात बसवून घेत नव्हती, तिचा उष्टा घास खात नव्हती. मला तेव्हा ते लागलं होतं. आई सोवळ्याओवळ्यातली कधी नव्हती, म्हातारपणी कुठून हे आलं, असं वाटून मी एकदा तिला बोललेही होते. ती काही बोलली नाही. आता कळतंय, तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं ती सगळं करत होती. पण क्षय ताटातून जात नाही, हवेतून जातो. खोकताना उडालेले बारीक कण बंद खोलीत कितीतरी वेळ तरंगत राहतात. आणि आईच्या खोलीची खिडकी दिवसभर बंद असायची. वाऱ्यानं जर्दा उडतो आणि ओली केलेली पानं वाळतात, म्हणून विड्या वळणाऱ्या घरात खिडकी लावूनच घेतात. ताट वेगळं होतं आणि खिडकी बंद होती. तिला कुणी सांगितलं असतं की बाई, ताट एक असू दे पण खिडकी उघड, तर तिनं हजारातल्या शंभर विड्या सोडल्या असत्या. याची मला खात्री आहे.

आणि एक नियम तेव्हाही होता. घरात थुंकीत जंतू असलेला पेशंट निघाला की त्या घरातल्या सहा वर्षांखालच्या मुलांना तपासायचं, आणि रोग नसेल तर सहा महिने आयसोनियाझिडची गोळी द्यायची. घरात असं मूल आहे हे कुणी विचारलं नसेल, किंवा विचारल्यावर आई 'नाही' म्हणाली असेल. मी डॉक्टरांना म्हणाले होते तसंच, क्षणाचाही विचार न करता.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना हे सांगितलं. रक्ताची एक तपासणी असते, इग्रा नावाची. तिच्यात क्षयाच्या जंतूत असणारी पण बी.सी.जी.च्या जंतूत नसणारी प्रथिनं वापरतात, त्यामुळं लशीचा गोंधळ तिथं उरत नाही. त्याच प्रथिनांवर बेतलेली कातडीची नवी चाचणीही आता आपल्याकडं आली आहे, तीही हातावर टोचूनच करतात. आपण इग्रा करायची का, असं मी विचारलं. "तुमच्या वहिनींनी केली की," डॉक्टर म्हणाले. सोळा मिलिमीटर, जन्मतः घेतलेली लस, आणि बंद खोलीत पेशंटजवळ काढलेलं एक वर्ष. याच्यापुढं रक्त काढून त्यांना वेगळं काही ठरवायचं नव्हतं.

मात्र एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली, आणि ती मी स्वतःला अजून सांगत असते. ती गाठ कुणाची आहे हे गाठीवरून कळत नाही. जंतू आज्जीकडून आला असेल, बसमधून आला असेल, कुठल्या लग्नाच्या हॉलमधून आला असेल. आज्जीकडून आला असेल तर सोळा वर्षं झाली, धोक्याचा मोठा काळ कधीच मागं पडला. अलीकडं कुठं लागला असेल तर तो काळ आत्ता चालू आहे. कळायला मार्ग नाही, आणि ती आता आयुष्यभर आजारी माणसांच्या खाटेशी उभी राहणार. म्हणून त्यांनी गोळ्या सुचवल्या, घ्यायच्या की नाही ते तिच्यावर सोडलं. तिनं घेतल्या. रोज एक आयसोनियाझिड, सोबत बी-६, सहा महिने. आधी लिव्हरची तपासणी, मधे भूक गेली, उलट्या झाल्या किंवा डोळे पिवळे दिसले तर लगेच यायचं.

तिला आज्जीचं सांगायला मला चार दिवस लागले. आज्जीवर रागावेल असं वाटत होतं. रविवारी दुपारी ती गोळ्यांच्या पट्टीवर पेनानं तारखा लिहीत बसली होती, तेव्हा सांगितलं. लाल खोका, वेगळं ताट, वहिनी काय म्हणाली, सगळं.

ती बराच वेळ पेन तसंच धरून बसली. मग म्हणाली, "म्हणून आज्जी भिंतीकडं तोंड करून झोपायची. मी तिला ओढायची, आज्जी, माझ्याकडं बघ म्हणून. ती वळायचीच नाही. पदर तोंडात धरून हसायची."

मला हे माहीत नव्हतं. तीन वर्षांच्या पोरीला एवढं आठवत असेल असंही वाटलं नव्हतं.

पट्टीवरच्या उरलेल्या तारखा तिनं लिहून काढल्या. मग एकदम मान वर केली. "आई, दादापण आमच्यातच झोपायचा. माझ्या पलीकडं. त्याला कुणी तपासलंय काय?"

दादा म्हणजे माझा भाचा. आता इचलकरंजीला मागावर असतो. गेल्या दिवाळीत आला तेव्हा फार वाळलेला दिसला होता, आणि रात्रपाळीमुळं असेल, असं आम्ही सगळेच म्हणालो होतो.

मी फोन उचलला आणि वहिनीचा नंबर लावला.